वाचकांचे प्रश्न : करीम अब्दुल-जब्बार यांचे ३८,३८७ गुण

गेल्या महिन्याच्या अंकात अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत आजवर सर्वाधिक गुण नोंदवलेल्या खेळाडूंचा तक्ता आम्ही छापला होता. पहिल्या क्रमांकावर लेब्रॉन जेम्स आणि दुसऱ्यावर करीम अब्दुल-जब्बार होते. पत्रे मात्र बहुतेक दुसऱ्या क्रमांकाविषयी आली. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : तक्त्यात करीम यांचे गुण ३८,३८७ दिले आहेत आणि तीन गुणांची बास्केट मात्र एकच. हा छपाईचा दोष तर नाही? शिवाय विक्रम आता मोडला आहे, मग त्या आकड्याचे एवढे कौतुक कशासाठी? (एक वाचक, पुणे)

उत्तर : छपाईचा दोष नाही. दोन गुणांच्या १५,८३६ बास्केट, फ्री थ्रोचे, म्हणजे फाउल झाल्यावर कोणी न अडवता टाकू दिलेल्या एका गुणाच्या फेकींचे, ६,७१२ गुण आणि तीन गुणांची एक बास्केट, अशी बेरीज केली की ३८,३८७ भरतात. तीन गुणांसाठी त्यांनी साऱ्या कारकिर्दीत १८ वेळा चेंडू टाकला आणि १७ वेळा चुकवला. एनबीएमध्ये तीन गुणांची रेषा आली ती १९७९-८० च्या हंगामात, म्हणजे करीम यांचे दहा हंगाम खेळून झाल्यावर. नंतरच्या दहा हंगामांतही त्या रेषेशी त्यांचे काही काम नव्हते. त्यांचा सगळा व्यवहार बास्केटपासून दहा-बारा फुटांच्या आत चालत असे.

आकड्याचे कौतुक कशासाठी, हे समजून घ्यायचे तर त्यांच्याआधीचा विक्रम पाहावा लागतो. तो विल्ट चेंबरलेन यांचा होता : १,०४५ सामन्यांत ३१,४१९ गुण, सरासरी ३०.१. करीम यांची सरासरी २४.६ आहे, म्हणजे बरीच कमी. चेंबरलेन यांनी एका सामन्यात १०० गुण केले होते आणि एका हंगामात पन्नासाहून अधिक सरासरी राखली होती. करीम यांच्या नावावर असले काही नाही. त्यांचा सर्वोत्तम हंगाम १९७१-७२ चा, सरासरी ३४.८. चेंबरलेन यांची कारकीर्द सह्याद्रीतल्या सुळक्यासारखी आहे, तर करीम यांची पठारासारखी : चढून गेल्यावर उंची फारशी कमी होतच नाही. १९७७ च्या डिसेंबरपासून १९८७ च्या डिसेंबरपर्यंत सलग ७८७ सामन्यांत त्यांनी किमान दहा गुण केले. ही मालिका खंडित झाली तेव्हा ते चाळिशीत होते, आणि समोर त्यांचा जुना संघ मिलवॉकी बक्स होता. (ही मालिका पुढे मायकेल जॉर्डन आणि लेब्रॉन यांनी मागे टाकली.)

चेंबरलेन यांचा विक्रम करीम यांनी ५ एप्रिल १९८४ रोजी लास व्हेगास येथे युटा जॅझविरुद्ध मोडला, आणि पुढे ७ फेब्रुवारी २०२३ पर्यंत, जवळजवळ ३९ वर्षे, तो त्यांच्याकडे राहिला. लेब्रॉन यांना हा टप्पा गाठायला १,४१० सामने लागले, तर करीम यांचे १,५६० सामने झाले होते. एवढ्यावरून लेब्रॉन अधिक वेगवान, असा निष्कर्ष काढणारी दोन पत्रे आली आहेत. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. लेब्रॉन शाळेतून थेट व्यावसायिक खेळात आले तेव्हा अठरा वर्षांचे होते. करीम यांच्या काळात आधी महाविद्यालयाची चार वर्षे काढणे भाग होते, त्यामुळे ते बाविसाव्या वर्षी उतरले. विक्रम मोडला तेव्हा लेब्रॉन यांच्या खात्यात तीन गुणांच्या दोन हजारांहून अधिक बास्केट होत्या. हा मजकूर लेब्रॉन यांचे श्रेय कमी करण्यासाठी नाही. करीम यांच्या विक्रमाची घडण वेगळी आहे, एवढेच सांगायचे आहे : एकाच प्रकारचे, फारसे न चुकणारे काम वीस वर्षे करत राहण्याचा तो विक्रम आहे. मैदानातून टाकलेल्या शंभरांपैकी सुमारे ५६ चेंडू त्यांनी बास्केटमध्ये घातले, आणि फ्री थ्रोमध्ये ७२. दुसरा आकडा साधा वाटेल, पण चेंबरलेन यांच्या बाबतीत तो ५१ होता. धिप्पाड खेळाडूला मुद्दाम फाउल करून फ्री थ्रोला पाठवायचे आणि त्याच्या चुकण्यावर भरवसा ठेवायचा, हा प्रतिस्पर्ध्यांचा जुना उपाय करीम यांच्यावर चालला नाही.

प्रश्न : करीम यांच्यामुळे डंक करण्यावर, म्हणजे उडी मारून चेंडू हाताने वरून रिंगमध्ये घालण्यावर, बंदी आली होती, असे वाचले. एका खेळाडूसाठी खेळाचा नियम बदलतात का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : बंदी आली होती हे खरे, पण ती महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये, एनबीएमध्ये नव्हे. करीम तेव्हा ल्यू अल्सिंडर या नावाने लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाकडून खेळत होते. उंची सात फूट दोन इंच, प्रशिक्षक जॉन वूडन. त्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळता येत नसे. तरी १९६५ मध्ये विद्यापीठाच्या नव्या क्रीडागृहात झालेल्या सामन्यात पहिल्या वर्षाच्या या मुलांनी राष्ट्रीय विजेत्या असलेल्या आपल्याच मुख्य संघाला ७५-६० असे हरवले. पुढच्या तीन वर्षांत अल्सिंडर यांच्या संघाने ८८ सामने जिंकले आणि दोन गमावले. तिन्ही वर्षी राष्ट्रीय विजेतेपद यूसीएलएकडेच होते.

१९६७ च्या विजेतेपदानंतर लगेच डंकवर बंदी आली. रिंग वाकतात, खेळाडूंना इजा होते, अशी कारणे तेव्हा दिली गेली. कोणत्याही एका खेळाडूचे नाव नियमात नव्हते. पण लोक त्याला अल्सिंडरचा नियम म्हणत, आणि वर्णद्वेषाचा वास त्याला येतो असे अल्सिंडर यांनी स्वतः बोलून दाखवले. बंदी १९७६ च्या हंगामापर्यंत टिकली, म्हणजे ते महाविद्यालय सोडून गेल्यानंतरही सात वर्षे. तेव्हा ती केवळ त्यांच्याचसाठी होती असे म्हणता येत नाही. ते नसते तरी ती १९६७ मध्येच आली असती, हे मात्र मला पटत नाही.

परिणाम उलटाच झाला. अडवू पाहणाऱ्यांनी त्यांच्या हातून सर्वांत सोपी फेक काढून घेतली, आणि त्यांनी दोन वर्षे अवघड अशा हूकवर, म्हणजे बास्केटकडे खांदा करून एका हाताने डोक्यावरून टाकायच्या फेकीवर, मेहनत केली. त्या दोन वर्षांत यूसीएलएने आणखी दोन विजेतेपदे घेतली. दोन पराभवांपैकी एक जानेवारी १९६८ मधला : ह्यूस्टन विद्यापीठाविरुद्ध, तेथील अ‍ॅस्ट्रोडोम या क्रीडागृहात, ५२ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर, ७१-६९. अल्सिंडर त्या सामन्यात डोळ्याच्या बुबुळावरील इजा घेऊन खेळत होते आणि समोरच्या एल्विन हेज यांनी ३९ गुण केले. दोनच महिन्यांनी राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत हेच दोन संघ पुन्हा भेटले, तेव्हा यूसीएलएने १०१-६९ अशी परतफेड केली.

प्रश्न : त्यांनी नाव का बदलले? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : महाविद्यालयात असताना, १९६८ मध्ये, त्यांनी इस्लामचा स्वीकार केला. मिलवॉकीने विजेतेपद मिळवल्यानंतर लगेच, १ मे १९७१ रोजी, चोवीस वर्षांच्या या खेळाडूने करीम अब्दुल-जब्बार हे नाव जाहीरपणे घेतले. अल्सिंडर हे आडनाव आपल्या पूर्वजांना गुलाम म्हणून बाळगणाऱ्या मळेवाल्याचे होते, असे त्यांनी अनेकदा सांगितले आहे. हा विचार एकाएकी आलेला नव्हता. १९६७ मध्ये मुहम्मद अली यांनी लष्करी भरतीला नकार दिला, तेव्हा त्यांना पाठिंबा देण्यासाठी क्लीव्हलंडमध्ये नामवंत कृष्णवर्णीय खेळाडू एकत्र आले. त्या बैठकीत बिल रसेल आणि जिम ब्राउन यांच्याबरोबर वीस वर्षांचे अल्सिंडरही होते. १९६८ च्या ऑलिंपिक संघाच्या निवडीकडेही त्यांनी पाठ फिरवली. यासाठी त्यांना बरेच ऐकून घ्यावे लागले. पुढे २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या हस्ते त्यांना देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला.

प्रश्न : करीम यांनी सहा विजेतेपदे मिळवली खरी, पण एक ऑस्कर रॉबर्टसन यांच्यासोबत आणि पाच मॅजिक जॉन्सन यांच्यासोबत. मधल्या काळात ते एकटे होते तेव्हा काहीच हाती लागले नाही. मग श्रेय नेमके कोणाचे? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : प्रश्न बोचरा आहे आणि आकडेवारीला धरून आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मिलवॉकी बक्स हा संघ १९६८ मध्ये जन्माला आला आणि पहिल्याच हंगामात ८२ पैकी ५५ सामने हरला. १९६९ मध्ये सर्वोत्तम नवोदित खेळाडू कोणी घ्यायचा हे ठरवण्यासाठी मिलवॉकी आणि फिनिक्स यांच्यात नाणेफेक झाली. फिनिक्सने छापा मागितला आणि काटा पडला. अल्सिंडर आले, आणि २७ विजय मिळवणाऱ्या संघाने पुढच्याच हंगामात ५६ सामने जिंकले. रॉबर्टसन तोपर्यंत आले नव्हते. ते त्यानंतर आले, संघाने ६६ सामने जिंकले आणि १९७१ च्या अंतिम फेरीत बाल्टिमोरला सलग चार सामन्यांत नमवले. संघाला वर काढले एकट्या करीम यांनी, आणि शेवटची पायरी रॉबर्टसन यांनी चढवली, असा हिशेब मला योग्य वाटतो.

१९७४ च्या अंतिम फेरीत रॉबर्टसन कारकिर्दीच्या अखेरीस आले होते. बॉस्टनविरुद्धचा सहावा सामना बॉस्टनमध्येच होता आणि दुसऱ्या जादा वेळेत गेला. सात सेकंद उरले असताना जॉन हॅवलिचेक यांनी बॉस्टनला १०१-१०० असे पुढे नेले. मिलवॉकीने विश्रांती घेऊन आखलेली योजना दुसऱ्याच खेळाडूसाठी होती. तो मोकळा झाला नाही. चेंडू करीम यांच्या हातात राहिला, तेव्हा ते उजवीकडे सरकत अंतिम रेषेपाशी पोहोचले होते, बास्केटपासून बरेच दूर. तेथून त्यांनी हूक टाकला आणि सामना १०२-१०१ असा जिंकला. सातवा सामना मिलवॉकी घरच्या मैदानावर हरले, त्यामुळे त्या फेकीला विक्रमांच्या तक्त्यात जागा नाही. पण त्यांचा एकच शॉट पाहायचा असेल तर तो पाहावा, असे मी सांगेन.

१९७५ मध्ये त्यांनी स्वतः मागणी करून मिलवॉकी सोडले आणि ते लॉस एंजेलिस लेकर्सकडे आले. बदल्यात लेकर्सने चार खेळाडू दिले, म्हणजे संघ निम्मा रिकामा झाला. पहिल्या हंगामात करीम स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरले आणि त्यांचा संघ बाद फेरीतही पोहोचला नाही. पुढच्या वर्षीही सर्वोत्तम खेळाडू तेच. वाचकाचा आक्षेप नेमका या वर्षांना लागू होतो, आणि तो खरा आहे. बास्केटबॉलमध्ये पाच जणच मैदानात असतात म्हणून एक मोठा खेळाडू संघाला विजेता करतो, असे आपण धरून चालतो. करीम यांच्या १९७५ ते १९७९ या चार हंगामांनी ते खोटे ठरवले. बास्केटखाली उभ्या असलेल्या खेळाडूला चेंडू कोणीतरी आणून द्यावा लागतो. तो वेळेवर आणि योग्य हाताशी आला नाही, तर उंचीचा उपयोग निम्माच होतो.

१९७९ मध्ये मॅजिक जॉन्सन आले आणि चेंडू वेळेवर येऊ लागला. १९८० च्या अंतिम फेरीत पाचव्या सामन्यात करीम यांचा घोटा मुरगळला. तरी ते परत मैदानात आले, ४० गुण केले आणि सामना जिंकून दिला. सहाव्या सामन्यासाठी ते फिलाडेल्फियाला जाऊ शकले नाहीत. वीस वर्षांचे मॅजिक त्यांच्या जागी सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, म्हणून उभे राहिले आणि त्यांनी ४२ गुण केले. लोकांच्या लक्षात राहिला तो सहावा सामना. अंतिम फेरीतील सर्वोत्तम खेळाडूचा मान मॅजिक यांना मिळाला. पहिल्या पाच सामन्यांचा हिशेब ठेवणाऱ्याला तो थोडा खटकतो.

माझ्या मते या प्रश्नाचे खरे उत्तर १९८५ मध्ये मिळते. अंतिम फेरीत पुन्हा बॉस्टन. त्याआधी लेकर्स बॉस्टनशी आठ वेळा अंतिम फेरीत खेळले होते आणि आठही वेळा हरले होते. पहिला सामना १४८-११४ असा गेला. अडतीस वर्षांच्या करीम यांनी त्यात १२ गुण आणि तीन रिबाउंड (चुकलेल्या फेकीनंतर चेंडू मिळवणे) एवढेच केले, आणि त्यांचे वय झाले असे सगळीकडे छापून आले. त्यानंतर प्रशिक्षक पॅट रायली त्या सामन्याचे चित्रीकरण खेळाडूंना दाखवायला बसले, तेव्हा एरवी मागे बसणारे करीम पुढे येऊन बसले. दुसऱ्या सामन्याच्या दिवशी वडिलांना संघाच्या बसमधून नेऊ का, असे त्यांनी रायली यांना विचारले. रायली यांचा नियम कडक होता, बसमध्ये संघाबाहेरचे कोणी नको. त्यांनी तो त्या दिवशी बाजूला ठेवला. करीम यांनी ३० गुण, १७ रिबाउंड, आठ असिस्ट (सहकाऱ्याच्या बास्केटआधीचा पास) आणि तीन ब्लॉक (प्रतिस्पर्ध्याची फेक अडवणे) केले. लेकर्सने मालिका सहाव्या सामन्यात, बॉस्टनच्याच मैदानावर जिंकली. अंतिम फेरीतील सर्वोत्तम खेळाडू करीम, १९७१ नंतर चौदा वर्षांनी पुन्हा. तेव्हा मॅजिक होते म्हणून करीम जिंकले हे जितके खरे, तितकेच करीम होते म्हणून मॅजिक जिंकले हेही खरे. १९८७ आणि १९८८ ची विजेतेपदे मात्र मुख्यतः मॅजिक यांची आहेत, याविषयी दुमत नसावे. संपूर्ण हंगामातील सर्वोत्तम खेळाडूचा मान करीम यांना एकूण सहा वेळा मिळाला. त्याची बरोबरी आजवर कोणी केलेली नाही.

प्रश्न : ते गर्विष्ठ होते असे ऐकले आहे. आणि खेळताना ते घालत तो चष्मा कशासाठी? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : चष्मा डोळ्यांच्या रक्षणासाठी. सेंटरच्या तोंडासमोर सतत कोणाचे तरी कोपर आणि बोटे असतात. १९७४ च्या हंगामापूर्वीच्या एका सामन्यात डोळ्याला पुन्हा दुखापत झाली तेव्हा रागाच्या भरात त्यांनी बास्केटच्या खांबावर ठोसा मारला आणि हात मोडून घेतला. त्यानंतर संरक्षक चष्मा आला. १९७७ मध्ये हंगामाच्या पहिल्याच सामन्यात प्रतिस्पर्धी केंट बेन्सन यांनी पोटात कोपर मारले. करीम यांनी उलट ठोसा मारला, पुन्हा हात मोडला आणि पाच हजार डॉलर दंड भरला. राग होता, यात शंका नाही.

गर्वाविषयी मी सावधपणे लिहीन. पत्रकारांशी ते तुटकपणे वागत, सामन्याआधी पुस्तक उघडून बसत, आणि त्याची किंमत त्यांनी पुढे मोजली. मोठ्या संघाचे मुख्य प्रशिक्षकपद त्यांना कधीच मिळाले नाही. आपल्या त्या काळातील अबोलपणाबद्दल ते स्वतःच नंतर मोकळेपणाने बोलले आहेत. १९८३ मध्ये त्यांचे घर जळाले आणि जॅझच्या तबकड्यांचा मोठा संग्रह त्यात गेला. वडील जॅझ वाजवणारे असल्याने तो संग्रह त्यांच्यासाठी निव्वळ हौस नव्हता. त्यानंतर गावोगावच्या सामन्यांना चाहते आपापल्या तबकड्या घेऊन येऊ लागले. लोकांशी आपले नाते त्या वेळी बदलले, असे ते सांगतात.

पुण्याच्याच आणखी एका वाचकाने त्यांच्या दीर्घ कारकिर्दीचे रहस्य विचारले आहे. गुडघे आणि पाठ टिकण्याचे श्रेय ते योगासनांच्या नियमित सरावाला देतात. अमेरिकेतील खेळाडूंमध्ये तेव्हा हे अगदी नवखे होते.

प्रश्न : स्कायहूक एवढा प्रभावी होता, तर आज तो कोणीच का खेळत नाही? आणि मी शाळेत बास्केटबॉल शिकवतो. माझ्याकडे आठवीतला एक बराच उंच मुलगा आहे. त्याला तो शिकवावा का, आणि कसा? (एक प्रशिक्षक, सांगली)

उत्तर : आधी तो शॉट नेमका काय आहे ते पाहू. हूक शॉट करीम यांच्या आधीही होता. मिलवॉकीच्या सामन्यांचे धावते वर्णन करणारे एडी डुसेट यांनी करीम यांच्या हूकला स्कायहूक हे नाव दिले, कारण चेंडू सुटत असे तो रिंगच्या पातळीवरून किंवा तिच्याही वरून. करीम यांची आवडती जागा बास्केटकडे तोंड केल्यास डाव्या हाताला, बास्केटजवळ. तेथे ते बास्केटकडे पाठ करून चेंडू घेत. मग डावा पाय मैदानाच्या मध्याकडे टाकत, तो रोवला की उजवा गुडघा वर उचलत, आणि डावा खांदा सरळ बास्केटकडे येई. डावा हात दुमडलेला, बचाव करणारा त्याच्या पलीकडे. चेंडू उजव्या हातात, अंगापासून सर्वांत दूर. हात कानाजवळून सरळ वर जाई आणि अगदी टोकाला पोहोचल्यावर मनगटाच्या झटक्याने चेंडू सुटे. अडवणाऱ्याला चेंडूपर्यंत पोहोचायचे तर करीम यांचे खांदे, डावा हात आणि सात फूट दोन इंचांची उंची एवढे सगळे पार करावे लागे, आणि तेही फाउल न करता. चेंबरलेन यांनी त्यांचे काही शॉट अडवले होते. इतरांना ते क्वचितच साधले.

यात एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते : हूक टाकणाऱ्याला बास्केट शेवटच्या क्षणीच दिसते. वळताना तो खांद्यावरून पाहतो, आणि तेवढ्यात अंतराचा अंदाज घ्यावा लागतो. हा अंदाज उंचीमुळे येत नाही, हजारो वेळा त्याच जागेवरून टाकल्याने येतो. करीम यांनी हूकचा सराव पाचवीत असताना सुरू केला होता.

आता तो का नाहीसा झाला. पहिले कारण हिशेबाचे आहे. शंभरांत ५५ वेळा पडणारी दोन गुणांची फेक ११० गुण देते. शंभरांत ३७ वेळा पडणारी तीन गुणांची फेक १११ देते. आजच्या संघांत शंभरांत ३७ चा नेम असलेले तीन-चार खेळाडू सहज असतात. ५५ चा हूक असलेला एक घडवायला दहा वर्षे लागतात, आणि तो घडेलच याची खात्री नाही. दुसरे कारण नियमांचे. करीम यांच्या काळात एनबीएमध्ये क्षेत्ररक्षक बचावाला, म्हणजे खेळाडूऐवजी जागा राखण्याला, मनाई होती. दोघांनी मिळून करीम यांना घेरायचे, तर दुसऱ्याला आपला खेळाडू उघडपणे सोडून यावे लागे, आणि ते दिसताच करीम मोकळ्या झालेल्या सहकाऱ्याला पास देत. त्यांच्या ५,६६० असिस्टपैकी बरेच असे आले असावेत. २००१-०२ च्या हंगामापासून ही मनाई उठली. आता चेंडू हातात येण्यापूर्वीच सेंटरच्या पुढे एक आणि मागे एक उभा राहू शकतो. तिसरे कारण थोडे नाजूक आहे : हूक मुलांना देखणा वाटत नाही. करीम स्वतः हे खेदाने सांगत आले आहेत, आणि २००५ पासून काही वर्षे त्यांनी लेकर्सच्या तरुण सेंटरला शिकवण्याचा प्रयत्नही केला.

तरी तो शॉट पुरता मेलेला नाही. मॅजिक जॉन्सन हे सहा फूट नऊ इंचांचे, चेंडू पुढे नेणारे खेळाडू. त्यांनी तो करीम यांच्याकडून उचलला आणि १९८७ च्या अंतिम फेरीत बॉस्टनविरुद्ध चौथा सामना शेवटच्या काही सेकंदांत त्याच फेकीने १०७-१०६ असा जिंकला. म्हणजे सात फूट उंची ही अट नाही. शाळेच्या पातळीवर तर वरची हिशेबाची अडचण फारशी लागूच होत नाही. आठवीच्या सामन्यांत तीन गुणांच्या फेकी शंभरांत ३७ वेळा पडत नाहीत.

म्हणून जरूर शिकवावा, पण त्या मुलाला तोच एक शॉट देऊन बास्केटखाली उभे करू नये. आपल्याकडे उंच मुलाची ही हेळसांड नेहमीची आहे : त्याला कोणी ड्रिबल शिकवत नाही, पास शिकवत नाही, आणि अठराव्या वर्षी बाकीची मुले त्याच्याएवढी झाली की त्याच्याकडे काहीच उरत नाही. करीम यांच्या हूकचा धाक होता तो त्यांना पास देता येत होता म्हणून.

सुरुवात मायकन ड्रिलने करा. हे नाव १९४०-५० च्या दशकांतील मिनियापोलिस लेकर्सचे सेंटर जॉर्ज मायकन यांच्यावरून पडले, आणि करीमही यातूनच शिकले. मुलगा रिंगच्या खाली, जरा पुढे उभा राहील. उजवीकडे पाऊल टाकून उजव्या हाताने, बोर्डच्या चौकोनाच्या वरच्या कोपऱ्यावर लागेल असा छोटा हूक. चेंडू जाळीतून पडताच तो छातीच्या वरच झेलायचा, खाली आणायचा नाही. लगेच डावीकडे पाऊल आणि डाव्या हाताने तेच. चेंडू कंबरेपर्यंत आला की थांबवा, कारण सामन्यात तेथे बुटक्या खेळाडूचा हात पोहोचतो. डावा हात सुरुवातीला हट्ट करेल, तरी दोन्ही हातांना सारखाच वेळ द्या. हे लयीत जमू लागले की त्याला एक पाऊल मागे न्या, मग बास्केटकडे पाठ करून उभे करा आणि खांद्यावरून पाहायला शिकवा. बचावाला कोणी उभा करण्याची घाई नको. उभा कराल तेव्हा त्याच्या हातात उशी किंवा जाड पॅड द्या आणि मुलाच्या कंबरेला हलका दाब देऊ द्या. दाब आला की बहुतेक मुले मागे झुकतात आणि चेंडू आखूड पडतो. पाय रोवलेला राहिला आणि खांदा बास्केटकडे राहिला, तर अंतर आपोआप जुळते. रोज सरावाच्या शेवटी पंधरा मिनिटे पुरेत, आणि पहिल्या तीन-चार महिन्यांत सामन्यात हा शॉट टाकायला त्याला सांगू नका. तो स्वतःहून टाकेल तेव्हा चुकला तरी बाहेर काढू नका.